चिकलठाण्याचे पाहुणे

सोल्डरिंगचा वास आला की मला चिकलठाण्याचे ते पाहुणे आठवतात. आमच्या ह्यांना हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलायचं वेड. माळ्यापासून पलंगाखालपर्यंत नुसते सेट आणि तारा. रोज सकाळी सेटवर चिकलठाण्याच्या त्या गृहस्थांशी तासभर गप्पा चालायच्या. एकाचं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, मगच दुसऱ्यानं तोंड उघडायचं. वर्षभरानं ते पहिल्यांदाच घरी जेवायला आले. ‘वांगी झकास झालीत,’ म्हणाले आणि थांबले. हे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. पुढं दोघंही मुकाट जेवले. मी ह्यांना आत बोलावून विचारलं, ‘भांडण झालं का काय?’ ‘नाय गं, त्यांचं बोलून व्हायचंय अजून.’ मला काहीच कळेना. पाहुणे गेले आणि अर्ध्या तासात सेटवर त्यांचा आवाज आला, ‘लई मजा आली बघा आज. ओव्हर.’ हे असे खुलले की संध्याकाळपर्यंत बोलत बसले. आज पुन्हा नवा सेट जोडतायत, घरभर तोच वास आहे आणि मी दारात उभी आहे. लग्न झाल्यापासून मी बोलतेय, हे नुसतं ऐकतात. माझं अजून संपलंच नाही, असं तर ह्यांना वाटत नसेल?