रफिकभाईंचा टाका

रोज संध्याकाळी टेबलाखाली झाडू मारतो. कापलेल्या तारांचे तुकडे निघून जातात. किस्से मात्र तिथेच साचतात.

अकोल्यात जठारपेठेत माझं दुरुस्तीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पण सर्किटचा बोर्ड मी घरीच काढतो. त्यावर आयसीचे, म्हणजे चिपचे, बेस सोल्डरचे टाके मारून लावणं माझ्या जोडीला असलेल्या रफिकभाईंचं काम. आमचा नियम एकच. आधी बेस सोल्डर करायचा, आयसी नंतर त्यात बसवायची, म्हणजे जळली तर नुसती उपटून बदलता येते.

यंदा रफिकभाईंचा हात थरथरू लागला. मुलगा सलीम रोज म्हणतो, "अब्बा, आता घरी बसा." त्यांना बसायचं नाही.

* * *

अमरावतीचे एक कॉलेजचे सर आले. त्यांनी आयसी थेट बोर्डावर सोल्डर केलेली, त्यात ती जळलेली. काढायला तास गेला.

सर म्हणाले, "जळेल असं वाटलंच नव्हतं हो!"

रफिकभाई म्हणाले, "कोणी मरन असं वाटत नाही सर, तरी बाहेर काढाले घराले दार ठेवतोच ना!"

* * *

धामणगाव रेल्वे गावाहून सुधाकरराव स्वतःच बेस लावून आले. सोळा पाय, आणि सगळ्यांवर मिळून सोल्डरचा एकच लांब थर.

"मजबूत केला!" म्हणाले.

"सुधाकरराव," रफिकभाई म्हणाले, "सोळा जणांले एकच चप्पल शिवली तुमी!"

* * *

एकदा मीही चुकलो. लपवत नाही. वरूडच्या वानखडेंच्या मोटरचा बोर्ड मी उलटा काढला, आरशात दिसतो तसा. ॲसिडनं नको तिथलं तांबं खाऊन टाकलं, तेव्हा कळलं. वानखडे समोर बसलेले, तिकडे संत्र्याची बाग पाण्याविना.

रफिकभाईंनी बोर्ड पालथा घातला. बेस तांब्याच्या बाजूने ठेवला, आयर्नचं टोक आत जाईल इतका उचलून धरला आणि टाके मारले. सगळे पाय बरोबर जागी आले.

वानखडे म्हणाले, "हे उलटं कावून लावलं?"

मी म्हणालो, "तुमची मोटर सुलटी फिरली म्हणजे झालं."

फिरली.

* * *

परवा चहा बशीत सांडला. सलीम तिथेच होता.

"पाहा काका, अब्बाले कपही धरवत नाही!"

रफिकभाई म्हणाले, "कप धराले मले कोण बोलावते?"

सलीम ऐकेना. शेवटी ठरलं, डॉक्टर सांगतील ते दोघांनी मानायचं. मीही सोबत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "हात पुढे करा."

हात केला. चांगलाच थरथरला. सलीमनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"रिकामा हात काय पाहता साहेब?" रफिकभाई म्हणाले. पिशवीतून सोल्डरिंगचं आयर्न, सोल्डर, बोर्ड आणि आठ पायांचा बेस काढला. टेबललॅम्पचा प्लग काढला, आयर्नचा लावला, ते तापू दिलं. मनगट टेबलावर टेकवलं. आठ टाके. बोर्ड डॉक्टरांपुढे सरकवला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला, बोर्ड डोळ्यांजवळ नेला. मग उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला. सलीम उठून उभा राहिला.

डॉक्टरांनी खालचा खण उघडला. आतून बीपीचं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"दोन महिने झाले, बंद आहे," म्हणाले. "कधीपर्यंत द्याल?"