मास्तरांची सही

मोटार शिकवण्याच्या शाळेत मास्तर एकोणीस वर्षं शिकाऊ माणसाशेजारच्या सीटवर बसले, आणि या एकोणीस वर्षांत त्यांची जीभ एकदाही दमली नाही. शिकणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर आणि मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर, अशी कामाची वाटणी. तो पाय इतका पक्का झाला होता, की घरी टीव्हीवर एखादी गाडी भरधाव सुटली तरी तो आपोआप फरशीवर दाबला जायचा. बायको म्हणायची, "अहो, ती नाही थांबायची."

माणूस लाखातला, पण एक खोड वाईट. माणसांचे गठ्ठे बांधायची त्यांना भारी हौस. बँकवाले म्हणे गिअर टाकायच्या आधी मनातल्या मनात साहेबांची परवानगी घेतात, डॉक्टर हॉर्न वाजवायला लाजतात, वकील चूक झाली की रस्त्याशीच वाद घालतात. आणि बायका! गावात कुठेही एखाद्या बाईची गाडी खांबाला घासली, की मास्तरांना दिवसभराचं काम मिळालं. "बायकांचं हे असंच," असं ते इतक्या आनंदानं सांगायचे, की खांबालाही वाईट वाटावं.

त्यांना पुरून उरायच्या त्या एकट्या हेडबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय बासष्ट, लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास. "नापास मी झालेय, बायका नाही," असं त्यांनी मास्तरांना बजावलं होतं. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं.

मग एका शनिवारी दुपारी बाजारात बॉम्ब फुटला. अकरा माणसं गेली. ज्या म्हाताऱ्याकडून मास्तर दर आठवड्याला लिंबं घ्यायचे, तोही गेला. मास्तरांना त्या दिवशी घास उतरला नाही. ते घरभर येरझारा घालत होते आणि ज्यांनी कुणी हे केलं त्यांना तोंडाला येईल ते बोलत होते. रविवारी दोघं पकडले गेले आणि त्यांची नावं टीव्हीवर आली. नावं मास्तरांच्या धर्माची होती. बायकोनं उठून टीव्ही बंद केला, आणि का बंद केला हे त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी सात विद्यार्थी यायचे होते. सकाळपासून फोन वाजायला लागले. एकाला सर्दी झाली, एकाकडे पाहुणे आले, एकाचा गुडघा धरला, एकाची मांजर आजारी पडली. मांजराला बरं नसताना माणसानं क्लच कसा दाबावा, तेही खरंच. सहा जणांनी सहा कारणं दिली. साडेदहाला आल्या त्या फक्त हेडबाई. आल्या, बसल्या आणि पहिल्याच वळणावर गाडी बंद पाडली.

मास्तरांनी नुसता हँडब्रेक ओढला.

"काय हो, आज ओरडत का नाही?" बाईंनी विचारलं.

"बाई, बॉम्ब त्या दोघांनी ठेवला आणि सर्दी माझ्या विद्यार्थ्यांना झाली," मास्तर म्हणाले. "मी ओळखतो का त्यांना? कधी तोंड तरी पाहिलंय का त्यांचं?"

"खांबाला ठोकणाऱ्या बाईला मी तरी कुठे ओळखत होते?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

मास्तर कानांपर्यंत लाल झाले. एकोणीस वर्षांत शेजारच्या सीटवर बसून त्यांना कुणी काही शिकवलं असेल, तर ते त्याच वळणावर. बाई मात्र पुढे काहीच बोलल्या नाहीत, कारण त्यांना चौक पार करायचा होता आणि तेवढ्यानंच त्यांना घाम फुटला होता.

दुपारी शाळेच्या मालकांनी मास्तरांना ऑफिसात बोलावलं. मालक भला माणूस. पण आज ते मास्तरांशी बोलताना टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते.

"मास्तर, मला तुमच्याबद्दल काडीचीही शंका नाही," ते म्हणाले आणि एक टाईप केलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. "लोक घाबरलेत हो. एवढी सही करा, दाराशी लावून टाकू. नाहीतर मग काही दिवस आतच बसा, फॉर्म बिर्म भरा. गाडी दुसऱ्याला देतो."

कागदावर लिहिलं होतं: 'मी स्फोटाचा निषेध करतो. त्या लोकांशी माझा कोणताही संबंध नाही.'

मास्तरांनी पेन उचललं. सही केली असती तर दोन सेकंदांत सगळं मिटलं असतं. शब्दही चुकीचे नव्हते, निषेध तर ते परवापासून करतच होते. पण पेन टेकवलं तसं त्यांच्या लक्षात आलं, की शाळेत शिकवणारे आणखी दोघं आहेत आणि त्यांच्यासाठी कागद टाईप झालेला नाही. मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, अकरा जणांतले तिघं माझ्याच धर्माचे होते. बॉम्बनं कुणाचा देव विचारला नाही," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी स्टेशनात स्फोट झाला, आठवतंय? तो करणारा तुमच्या धर्माचा होता. तेव्हा तुम्ही कुठे सही केली होती?"

"अहो, माझा काय संबंध त्याच्याशी?" मालक ताडकन म्हणाले.

त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहिलं. मास्तरांना जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला आपण असं कोंडीत पकडलं, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"चुकलं माझं," मालक म्हणाले. कागद चुरगाळून त्यांनी टोपलीत टाकला आणि फोन ओढून घेतला. मास्तरांच्या देखत त्यांनी सहाही जणांना फोन केले. गाडी तीच, वेळ तीच, मास्तर तेच. मांजरवाल्याला ते जरा जास्तच कडक बोलले.

दुसऱ्या दिवशी सहा जणांतले तिघं आले. तिघं आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत. आलेल्यांत बँकेतली एक मुलगी होती, आठवडाभरापूर्वीच शिकायला लागलेली. तिनं सीटबेल्ट लावला, आरसा नीट केला आणि स्टिअरिंग धरलं. तिचे हात थरथरत होते.

रस्त्याला घाबरणारे हात मास्तरांनी हजारांनी पाहिले होते. त्यांना लगेच कळलं, हे हात रस्त्याला घाबरत नाहीयेत, आपल्याला घाबरताहेत. असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. दार उघडून सरळ घरी निघून जावं, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, हिला एवढी भीती वाटतेय, आणि तरीही ही आली.

"भीती वाटत असेल तर सांगा," ते हळूच म्हणाले. "आज नाही गेलो तरी चालेल."

"वाटतेय," मुलगी म्हणाली. "पण जाऊ या."

"मग पहिला गिअर टाका," मास्तर म्हणाले, आणि पुढचा तासभर ते तिला एकदाही बँकवाली म्हणाले नाहीत.