चपला बारा, माणसं अकरा

आमचे बोटवाले मामा एका पर्यटकाला समुद्रात विसरून आले, ही बातमी शुक्रवारी दुपारी धक्क्यावर जन्माला आली आणि संध्याकाळपर्यंत तिला मिसरूड फुटलं. न्हाव्याने वस्तरा हवेत थांबवून गिऱ्हाइकाला सांगितलं, "एक कुठला हो, जोडपं होतं. लग्नाला आठवडा नव्हता झाला." औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी कापता कापता त्या दोघांचे तिघे झाले. इस्त्रीवाल्या बाई तर जन्मात कधी बोटीत बसलेल्या नाहीत, पण कॉलर दाबत म्हणाल्या, "तीन दिवस खडकावर होते बिचारे. शिंपले खाऊन काढले." घडलं होतं त्याच दिवशी सकाळी. पण हातात तापलेली इस्त्री असलेल्या बाईला हटकणार कोण?

खरं सांगायचं तर माणूस विसरला गेला होता, हे खोटं नाही. फक्त विसरले होते ते अकरा जण, आणि न विसरणारे एकटे मामा. नाव झालं ते मामांचं.

मामांची बोट लहान. मागे इंजिन, वर कापडाचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं, चौदा माणसं बसतील एवढी. ज्यांना गर्दीत मासे बघायचे नसतात, ते हॉटेलच्या काउंटरवरून अख्खी बोट घेतात. खडकाआड नांगर टाकायचा, तोंडावर मास्क चढवायचा, नळी दातात धरायची आणि पालथं पडून प्रवाळ बघायचे. मामा हे काम बावीस वर्षं करतायत. इंजिनाशेजारी बावीस वर्षं बसल्यामुळे ते घरात मीठ मागतात तेही पलीकडच्या बोटीतून मागितल्यासारखं. मामी म्हणते, "अहो, मी इथेच आहे, बुडाले नाहीये!"

त्यांचं दुसरं असं, की त्यांना चेहरा लक्षात राहत नाही. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस," ते म्हणतात, "मास्क लावला की सगळे बेडूक." लक्षात राहतात ते पाय. बाजारात कुणी हाक मारली तर मामा आधी खाली बघतात, मग वर. "अरे, वाकड्या करंगळीवाले साहेब! कधी आलात?"

बोटीवर चढताना ते प्रत्येकाच्या चपला काढून घेतात आणि भाजीच्या निळ्या क्रेटमध्ये ठेवतात. बोटीत पाय घसरतो म्हणून, हे एक कारण. खरं कारण मोजणी. माणसं हलतात, पाण्यात जातात, एकमेकांच्या मागे लपतात, मोजून होईपर्यंत दोन सरकलेले असतात. चपला जिथे ठेवाल तिथे असतात. "चपलेला कुठे जायचंय?" हे मामांचं आवडतं वाक्य. परत निघताना प्रत्येकाने आपली चप्पल पायात घालायची आणि क्रेट रिकामी झाली की नांगर वर. बाकीचे बोटवाले यावर हसतात. मामांना ते 'जोडेवाला' म्हणतात. मामा म्हणतात, "म्हणू देत. जोडे मोजतोय, खात तर नाही ना?"

तर त्या शुक्रवारी एक साहेब आले. नोकरीतून निवृत्त झाले म्हणून मुलांनी त्यांना बोटीची भेट दिली होती. साहेब निवृत्त झाले होते, पण त्यांच्या आवाजाला अजून कुणी कळवलं नव्हतं. सोबत बाईसाहेब, दोन मुलगे, दोन सुना, एक जावई, लेक, दोन नातवंडं आणि साहेबांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांच्या आत्या. हॉटेलच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं अकरा.

"चपला इथे. पाय पुसा. जॅकेट घाला. मास्कवर थुंका."

"काय?" बाईसाहेब म्हणाल्या.

"थुंका बाई. स्वतःच्याच काचेवर. मग वाफ धरत नाही."

बाईसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत थुंकून बघितलं आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी धाकट्या सुनेचाही मास्क मागून घेतला.

या गडबडीत चपला आल्या बारा. मामांनी चिठ्ठी पाहिली, क्रेट पाहिली, आयत्या वेळी एक पाहुणा वाढला असेल असं म्हणून बारावं जॅकेट काढून दिलं आणि इंजिन चालू केलं.

खडकाआड पोचल्यावर सगळे पाण्यात उतरले. आत्याही उतरल्या, पण शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंतच. तिथे त्यांनी एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने मामांचं मनगट, आणि "सोडू नकोस रे बाबा, सोडू नकोस" असा जप सुरू केला. पाऊण तास. मामांना मान वळवायची तरी आत्यांना विचारावं लागत होतं. इथे मामांची चूक झाली, हे मामाच सांगतात. "पाण्यावरची नजर माझी सुटली. ते माझ्याकडे लागलं."

वेळ संपला, मामांनी शिट्टी दिली, बेडकांची पुन्हा माणसं झाली. सगळे टॉवेल गुंडाळून बाकावर बसले. चपला पायात गेल्या. क्रेटच्या तळाशी एक जोड उरला. काळ्या रबरी चपला, टाच झिजलेली, उजवीचा पट्टा तारेने बांधलेला.

"या कोणाच्या?" मामांनी पलीकडच्या बोटीला विचारल्यासारखं विचारलं.

थोरल्या सुनेने नाक मुरडलं. "आपल्यातल्या नव्हेतच ह्या."

"मग माणूस राहिलाय एक."

साहेबांनी बोट वर करून आपली माणसं मोजली. "अकरा. चला."

"साहेब, चपला बारा."

"अहो, माणसं अकरा आहेत! माझं कुटुंब मला ठाऊक नाही?"

"तुमचे अकरा बरोबर आहेत साहेब. पण चपला बारा आल्या होत्या."

"आधीच्या ट्रिपच्या असतील."

"आजची ही पहिली."

"तुमच्या असतील!"

मामांनी आपला अनवाणी पाय पुढे केला. तो बघितल्यावर त्या चपलेत हा पाय मावेल असं कोणी म्हणू शकलं नाही. जावई मधे पडले, "काका, माणसं मोजतात हो. चपला काय मोजता?" धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्याला हॉटेलवर जेवायला उशीर होतोय." आणि साहेब उभे राहिले. बोट डुलली, तसे लगेच बसले, पण आवाज उभाच राहिला.

"अकरा! अकरा! अकरा!"

"बारा," मामा म्हणाले. "बारा. बारा."

मामांनी तीन शिट्ट्या दिल्या. उत्तर नाही. वारा बोटीकडून खडकाकडे वाहत होता आणि भरती चढायला लागली होती.

"नांगर उचला," साहेब म्हणाले. "नाहीतर काउंटरच्या बोर्डावर तुमचं नाव कसं राहतं तेच बघतो."

ही धमकी पोकळ नव्हती. हॉटेलच्या काउंटरमागे एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर पाच बोटींची नावं. पाहुणा काउंटरवर विचारतो, मॅडम बोर्डाकडे बघते. ज्याचं नाव पुसलं त्याने बोटीतून सिमेंटची पोती वाहावीत. मामांचं नाव त्या बोर्डावर बारा वर्षं होतं. मामांनी दोरी हातात घेतली, क्रेटमधल्या तारेच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि दोरी खाली ठेवली.

"पाण्यात उतरून बघतो. तुम्ही बसा."

"ही दादागिरी झाली!"

त्यावर थोरली सून म्हणाली, आणि तिथे सगळं फिरलं, "आता नुसतं तोंड पाडून बसण्यापेक्षा सगळ्यांचा एक छान फोटो तरी होऊ दे. आत्या, इकडे सरका. बाबा, हसा जरा." साहेब हसले. बाईसाहेबांनी केस सारखे केले. नातवंडांनी जिभा बाहेर काढल्या. अकरा जण ओळीने, खांद्याला खांदा लावून, समोर बघत हसत राहिले. समोर कोणीच नव्हतं.

हसू हळूहळू एकेका तोंडावरून उतरलं.

"फोटोवाला कुठाय?" बाईसाहेबांनी विचारलं.

मुलांनी बोलावलेला फोटोवाला. बोटीत सगळ्यात शेवटी चढलेला, पिशव्या सांभाळत. दोन तास तो सगळ्यांना बघत होता, त्याला कोणी बघितलंच नव्हतं. घरच्या मोजणीत तो येणार कसा? तो तर कॅमेऱ्याच्या मागचा.

मामांनी नांगर उचलला आणि बोट खडकाला वळसा घालून पलीकडे नेली. फोटोवाला खडकाच्या एका पायरीवर उभा होता, पोटरीला गोळा आलेला, कंबरेपर्यंत पाणी, आणि कॅमेऱ्याची डबी डोक्यावर. सुनांचे माशांबरोबर फोटो काढता काढता त्याला पाण्याच्या ओढीने तिकडे नेलं होतं. आणखी अर्ध्या तासाने ती पायरी पाण्याखाली गेली असती. बोटीत घेतल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ओरडून ओरडून घसा बसला होता. आत्यांनी स्वतःचा टॉवेल त्याच्या अंगावर टाकला, आणि या वेळी मनगट त्याचं धरलं.

बोटीवर जो कोणाचाच नव्हता, तो हॉटेलच्या काउंटरवर पोचेपर्यंत साहेबांचा झाला. "तुमचा बोटवाला आमच्या माणसाला समुद्रात विसरून निघाला होता!" साहेब मॅडमला म्हणाले. "आमच्या लक्षात आलं म्हणून." चोर तो चोर, वर शिरजोर. मॅडमने सोमवारी अकराला दोघांना समोरासमोर बोलावलं. फोटोवाल्याला तेवढ्यात मोठ्या मुलाने गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, तसाच, अनवाणी.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरी सगळे होते, पण वाढलेली ताटं तशीच होती. मामी म्हणाली, "अहो, त्या फोटोवाल्याला शोधा. तो बोलला की झालं."

"मी त्याच्या दारात गेलो तर म्हणतील, पढवून आणला."

"मग काय नुसते हात बांधून बसणार?"

मामा हात बांधून बसले नव्हते. ते त्या रबरी चपला गोड्या पाण्याने धुत होते. मग सावलीत वाळवल्या, उजवीची गंजकी तार काढली आणि मासे धरायच्या जाड दोऱ्याने पट्टा शिवला, चार टाके, वर गाठ.

"तो येणार नाही, मामा," मी म्हटलं. "त्याला अजून अल्बम द्यायचाय त्या लोकांना. साहेबांच्या विरुद्ध बोलायला येतोय तो! गरज सरो, वैद्य मरो."

"येईल."

"नाही येणार."

"लाव पैज."

लावली. मी जिंकले तर मामांनी हंगामभर मला सुकाणू धरू द्यायचं. मामा जिंकले तर मी हंगामभर त्यांची नक्कल करायची नाही. धक्क्यावर नाही, शाळेत नाही, मामीसमोर तर मुळीच नाही. मामीलाच याचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

सोमवारी मामा धुतलेला शर्ट घालून काउंटरवर गेले, मागोमाग मी. हातात कागदात बांधलेला जोड. साहेब नव्हते, थोरला मुलगा होता. मॅडमच्या एका हातात तक्रार, दुसऱ्या हातात बोर्ड पुसायचा डस्टर. अकराला पाच मिनिटं होती. मुलाने तक्रार पुन्हा वाचून दाखवली, "आमचा माणूस" या शब्दांवर थोडा जास्त जोर देऊन. मॅडमने मामांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"चपला बारा होत्या," मामा म्हणाले. अख्ख्या हॉटेलला ऐकू गेलं.

"एवढंच?"

"नजर माझी चुकली, मॅडम. चपला नाही चुकल्या."

मॅडम डस्टर घेऊन बोर्डाकडे वळली. आणि जिन्यावरून चपक, चपक असा आवाज आला. फोटोवाला. पायात हॉटेलच्या खोलीत ठेवतात त्या पांढऱ्या, कापडी, कागदासारख्या सपाता, तीन दिवसांत काळ्या पडलेल्या. मोठ्या मुलाकडे त्याने बघितलंही नाही.

"माझ्या चपला इथे मिळणार होत्या," तो बसक्या आवाजात म्हणाला. "गेटवरच्या वॉचमनकडे निरोप होता. सोमवारी, अकराला, काउंटरवर."

निरोप! मी मामांकडे बघितलं. मामा छताच्या पंख्याकडे बघत होते. मागून कळलं, वॉचमनला निरोप शुक्रवारी दुपारीच गेला होता, पैज लागली संध्याकाळी.

मामांनी कागद सोडून जोड खाली ठेवला. फोटोवाल्याने उजव्या चपलेचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, टाके मोजल्यासारखे.

"तुम्हीच का विसरलेले?" मॅडमने विचारलं. "तुम्हाला हे विसरले?"

"हे?" फोटोवाला म्हणाला. "मॅडम, मी खडकामागे होतो. माझा आवाज तिकडे जात नव्हता, पण त्यांचा सगळा इकडे येत होता. साहेब ओरडत होते, अकरा, अकरा. आणि हे ओरडत होते, बारा, बारा. किती वेळ ते चाललं मला माहीत नाही. पाणी वर येत होतं. मी आपला म्हणत होतो, देवा, बारा जिंकू दे."

थोरल्या मुलाने तक्रारीचा कागद मॅडमच्या हातातून अलगद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि म्हणाला, "बाबांना... जरा गैरसमज झाला असेल." मॅडमने डस्टर खाली ठेवला. बोर्डावरचं नाव तसंच राहिलं. फक्त तेव्हापासून हॉटेलच्या चिठ्ठीवर 'पाहुणे' या रकान्याच्या खाली आणखी एक रकाना आलाय, 'सोबतचे'.

फोटोवाल्याने चपला घातल्या, दोन पावलं टाकून बघितल्या आणि सपाता काउंटरवर परत केल्या, रीतसर जोडून.

खरी गोष्ट कळल्यावर न्हावी, औषधवाले आणि इस्त्रीवाल्या बाई तिघांनीही ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. शिंपले खाऊन तीन दिवस काढलेलं जोडपं अजून गावात फिरतंय. त्यांना मूल झाल्याचंही परवा ऐकलं.

मी मात्र हरले. हंगाम संपायला अजून चार महिने आहेत आणि मामा रोज जेवताना पलीकडच्या बोटीतून मीठ मागतात, मुद्दाम, माझ्याकडे बघून. मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. पैज बोलण्याची होती. वहीत लिहिण्याबद्दल मामांनी काही मोजून ठेवलं नव्हतं.