भोसरीचा पेढा आणि सांगलीला आलेला नारळ

चाकणला जायचं म्हटलं की आमच्या ऑफिसातले बाकीचे लोक मोशीच्या ट्रॅफिकला घाबरतात, मी पोह्यांना घाबरते. मी मशीन बसवणारी इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीच्या सीएनसी लेथ जिथे विकल्या जातात तिथे जाऊन त्या चालू करून द्यायच्या, हे माझं काम. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात माझी सतत फेरी असते, आणि प्रत्येक फेरीत अंगावर थोडं वजन चढवूनच मी सांगलीला परतते. या वेळी ते परवडणारं नव्हतं.

कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची चिडचिड समजेल. माझा धाकटा भाऊ निलेश डायलिसिसवर आहे. आईला शुगर आहे, त्यामुळे किडनी द्यायला घरात उरले मी. रक्तगट जुळला, पण डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. वजन उतरल्याशिवाय पुढच्या तपासण्या नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून मोजूनमापून जेवते आहे. निम्म्या वाटेपर्यंत आले आणि काटा तिथेच हटून बसला. नेमकी तेव्हा ही टूर आली. टाळावी तर रजा संपणार, आणि रजा मला ऑपरेशनसाठी राखून ठेवायची होती.

निघताना निलेश दारात उभा होता, हातात त्याची ती दिवसभर पुरवायची छोटीशी पाण्याची बाटली घेऊन. त्याचं पाणीसुद्धा मोजून असतं. नारळपाणी तर साफ बंद, आणि पठ्ठ्याला तेच सगळ्यात जास्त आवडतं. म्हणाला, उपाशी राहून तिकडे चक्कर येऊन पडू नकोस, मग आपण दोघंही ॲडमिट. मी हसले आणि रिक्षात बसल्यावर रडले.

पिशवीत फुटाणे, ज्वारीच्या लाह्या आणि सोललेल्या, मीठ न लावलेल्या काकड्या. साताऱ्याच्या अलीकडे एसटी हॉटेलवर थांबली तेव्हा सगळी गाडी वड्यांवर तुटून पडली. मी काकडी खात गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले. शेवटी ड्रायव्हरने विचारलंच, गाडीला काही नवस बोललाय का म्हणून. स्वारगेटला उतरून मेट्रो धरली. एक सूचना: नाशिक फाट्याच्या स्टेशनच्या नावात भोसरी आहे म्हणून हुरळून जाऊ नका, खरी भोसरी तिथून पुढे शेअर रिक्षाने गाठावी लागते. लॉजवर मुद्दाम सगळ्यात वरची खोली मागितली. लिफ्ट नव्हती. मॅनेजरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निमूटपणे किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी निघोज्याला एका जुन्या मशीनची सर्व्हिस होती. हायवेवर बस चालते कमी, उभी जास्त राहते. बसून बसून पाय वळवळायला लागले, तेव्हा मी उतरून चालू लागले, आणि बराच वेळ मी बसच्या पुढे होते. बसमधली माणसं माझ्याकडे खिडकीतून बघत होती. कंपनीत पोचले आणि चहा सुरू झाला. गेटवर चहा, स्टोअरमध्ये चहा, मेंटेनन्समध्ये चहा. बिनसाखरेचा मागितला की ते आनंदाने हो म्हणतात आणि चहाच्या मशीनचं बटण दाबून साखर घातलेलाच आणून देतात. मी कप हातात धरून फिरायचं आणि नंतर कुठेतरी ठेवून द्यायचं हे तंत्र बसवलं आहे. कँटीनमध्ये आधी कोशिंबिरीकडे जायचं, ताट तिनेच भरायचं. मग भाताला जागा उरत नाही आणि वाढणाऱ्यालाही आग्रह करता येत नाही.

रात्रीच्या जेवणासाठी भोसरीत कामगारांची खानावळ शोधून काढा, हॉटेलच्या नादाला लागू नका. भाकरी, पालेभाजी, ठेचा आणि ताक शंभरच्या आत होतं. माझी खानावळ बीडकडच्या कौसल्याबाईंची. भाजीवरची तर्री काढून द्या म्हटल्यावर त्यांना माझी काळजीच वाटायला लागली. "एका भाकरीनं काय व्हतंय, माय?" त्या म्हणाल्या. मला खरं तर तीन खायच्या होत्या. मी ताक पिऊन उठले आणि भूक मारायला दिघीच्या रस्त्याने चालत सुटले. घरी फोन केला, निलेश झोपला होता. काट्यावर उभं राहायची इतकी हुक्की आली की बंद होत आलेल्या मेडिकलच्या दुकानात जाऊन विचारलं. त्यांचा काटा बिघडलेला होता.

आणि मग आला मुलाणीभाईंच्या छोट्या कारखान्यात, त्यांच्या शेडमध्ये नवीन मशीन चालू करायचा दिवस. भोसरीत नवीन मशीन पूजेशिवाय चालू होत नाही. मालक कुठल्याही धर्माचा असो, कामगार हळदकुंकू लावतात, नारळ फुटतो. इथे पेढे मुलाणीभाई स्वतः आणतात आणि नारळाचा मान त्यांच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरचा, कदममामांचा. पहिला पेढा मशीन बसवणाऱ्याने खायचा आणि त्यानंतरच बटण दाबायचं, ही तिथली रीत.

एका पेढ्याने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. एका चहाने, एका वड्याने, एका भाकरीने काय होतं, हेच मला सगळा आठवडा सगळे विचारत होते. मी पेढा घेतला, तोंडाजवळ नेला, वळले आणि खिशात टाकला. बटण दाबलं. पहिला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा पहिला तुकडा, अर्धाही झाला नव्हता तोवर अलार्म वाजून मशीन थांबलं. जॉब पकडणाऱ्या चकला प्रेशर मिळत नाही, असं स्क्रीनवर आलं. मी पंप तपासला, तेल पाहिलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. माझ्यामागे सगळी शेड जमून बघत होती. भुकेने माझं डोकं ठणकत होतं.

कदममामा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पर पेढा तुमच्या खिशातच हाय न्हवं?"

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. "भावाला किडनी द्यायचीय," मी म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने. "वजन उतरल्याशिवाय घेत नाहीत. म्हणून नाही खाल्ला."

कामाच्या ठिकाणी हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलाणीभाईंनी आत येणारा चहा हातानेच परत पाठवला आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. कदममामांनी हात पुढे केला.

"आणा इकडं. तुमच्या वाटचा मी खातो."

खिशातल्या धाग्यांसकट त्यांनी तो पेढा सावकाश खाल्ला, मशीनकडे तोंड करून. मी पाणी प्यायले आणि मागचं पॅनेल उघडलं. प्रेशर स्विचचं कनेक्टर ट्रकमधल्या हादऱ्यांनी सैल झालं होतं. ते घट्ट बसवलं आणि मशीन चालू झालं. पेढ्याचा आणि कनेक्टरचा काही संबंध नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मामांशी मात्र मी वाद घातला नाही.

पहिला जॉब पास झाला की दुसरा नारळ फोडायचा, अशी त्या शेडची पद्धत. कदममामांनी तो फोडलाच नाही. फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाले, "ह्यो इथं नको. तिकडं भावाचं काम झालं की फोडा."

परतीच्या प्रवासात मी तो मांडीवर घेऊन बसले होते. हॉटेलवर गाडी थांबली, वड्यांचा वास आला, आणि मी लाह्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, वड्याकडे दोनदा गेलेही आणि परत फिरले.

घरात शिरले ती चप्पल काढून थेट काट्यावर. आकडा पाहिला. जाताना होता तिथेच, तसूभरही हललेला नाही. एवढी काकडी, एवढं चालणं, कौसल्याबाईंची ती काळजी, सगळं पाण्यात. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

"ताई, नारळ तरी ठेव की खाली," निलेश म्हणाला आणि माझ्या हातातून तो काढून घेतला.

काटा खाली आला. डॉक्टरांच्या आकड्याला अजून बाकी आहे, पण अडून बसलेला काटा हलला होता. टूरवरून मी पहिल्यांदाच वजन उतरवून आले होते. मी त्याला शेडमधलं सगळं सांगितलं, पेढ्यासकट. तो ऐकता ऐकता नारळ कानाशी धरून हलवत होता.

"पाणी भरपूर आहे गं," तो म्हणाला. "पण मला चालत नाही."

"आत्ता चालत नाही," मी म्हणाले.

आई देवापुढे ठेवते म्हणून मागायला आली. त्याने दिला नाही. कानाशी धरून परत एकदा हलवला.