आबांची जागा

शिवाजी पेठेतल्या एका कोपऱ्यावर मी नको तिथं बसलो होतो, ते निवृत्तीनंतरही मनातून जात नाही.

तीन रस्ते मिळायचे तिथं एक जुनी इमारत होती. गाड्या वळाव्यात म्हणून तिचा कोपरा छाटून बांधलेला आणि त्याच्या पायाशी काळ्या दगडाचा कट्टा. पेठेतली निम्मी भांडणं तिथंच मिटत, आमच्या पोलीस ठाण्यापर्यंत येत नसत. मालकानं इमारत पाडायला काढली आणि एका सकाळी कट्ट्यावरचा लांब दगड गायब झाला. मालकाचा अर्ज आला, चोरीचा गुन्हा दाखल करा.

चौकशीला गेलो. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी आता समोरच्या दुकानाच्या पायरीवर दाटीवाटीनं बसली होती. मधे एक जागा रिकामी दिसली, तिथं मी साहेबी थाटात टेकलो. गप्पा थांबल्या. एकजण हळूच म्हणाला, "तिथं नगं, साहेब. ती आबांची जागा हाय."

इतक्या अदबीनं मला वरिष्ठांनीही कधी उठवलं नव्हतं.

ठाण्यात एकेकाचे जबाब घेतले. प्रत्येकजण म्हणाला, दगड मीच नेला. काठी टेकत आलेल्या एका आजोबांना विचारलं, घरातली कळशी तरी उचलवते का? "मनात आणलं की समदं उचलतंय," ते म्हणाले. कबुल्या भरपूर झाल्या, दगड काही मिळेना.

मग ती रिकामी जागा आठवली. पानवाल्याकडून कळलं, आबांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर मुलानं जयसिंगपूरला नेलं होतं.

मालकाला घेऊनच तिथं गेलो. मुलाच्या घराबाहेर, रस्ता वळतो तिथं दगड मांडलेला आणि त्यावर आबा. बाजूला सरकत जड झालेल्या जिभेनं म्हणाले, "पावणं, बसा की."

पंचनाम्याचे कागद काखेत धरून मी बसलो. मालक बराच वेळ उभा होता, मग तोही बसला. लहानपणी वडिलांना जेवायला बोलवायला याच दगडापाशी यायचो, एवढंच बोलला. परतताना जीपमध्येच त्यानं तक्रार नसल्याचं लिहून दिलं. म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून दगड टेम्पोत चढवून इथं आणणारी पेठेतल्या तालमीची पोरं कोण, हे मी विचारलं नाही.

ठाण्यात रोज हजेरी घ्यायचो आम्ही. न आलेल्याची जागा राखायची असते, हे मला त्या पायरीवर कळलं.

आज त्या कट्ट्याच्या जागी काचेच्या दर्शनी भिंतीचं दुकान आहे. कुणी बसू नये म्हणून त्याच्या पायरीला लोखंडी टोकं लावलीत. परवा तिकडून जाताना बायकोला ही गोष्ट पुन्हा सांगितली.

"सगळी नोकरी बदल्यांत गेली," ती म्हणाली. "अहो, आपली जागा राखून ठेवलीय का हो कुणी, कुठल्या कोपऱ्यावर?"