गोष्टीतली सासू

गल्लीत तिला सगळे 'लेखिकाबाई' म्हणत. कौतुकाने नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. जिची एकही गोष्ट कुठे छापून आलेली नाही तिला लेखिका म्हणण्यात जी गंमत असते, ती गल्लीने वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्ली.

तिचं पोटापाण्याचं काम काज-बटणाचं. शिंपी शर्ट शिवून गठ्ठ्याने घरी पाठवायचा आणि ती आणि तिच्या सासूबाई खिडकीखाली सतरंजी टाकून काजं करायच्या, बटणं लावायच्या. ऊन सरकेल तशी सतरंजी सरकायची. नवरा घरांना रंग देणारा. सकाळी स्वच्छ जायचा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी भिंतीच्या रंगाचा होऊन यायचा. या सगळ्यात जिथे फट सापडेल तिथे ती गोष्टी लिहायची, मासिकांना पाठवायची आणि मासिकं त्या 'साभार परत' करायची. त्यातले आभार कधी कुणाला पोचल्याचं ऐकिवात नाही.

पहिलं पाकीट परत आलं तेव्हा ती मांडीवरच्या शर्टावर वाकून रडली होती. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांची मायाळू म्हणून ख्याती नव्हती, आणि सुनेशी तर त्या कामापुरतंच बोलत.

"किती दिवस लागले होते लिहायला?" त्यांनी विचारलं.

"वर्ष."

"आणि त्या मेल्याने वाचायला किती लावले?"

सासूबाईंनी शर्ट तिच्या मांडीवरून ओढून घेतला. "डाग पडतील ह्याला. आण इकडे. मी करते काजं, तू लिही."

त्या दिवसापासून सासूबाई तिच्या बाजूच्या झाल्या, आणि अशा झाल्या की विचारू नका. त्यांना स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाकीट पोस्टात टाकायला त्याच जायच्या, दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. पाकीट परत आलं की दारातूनच हाक मारायच्या, "आली गं तुझी लेक माहेरपणाला! सासर काही मानवत नाही हिला." मग चार दिवस गेले की म्हणायच्या, "झालं की माहेरपण. आता धाड दुसऱ्या घरी." अशा विनोदांवर त्या घरातल्या दोन बायका हसत आणि एका पुरुषाला आपण कशाला हसतोय ते कळत नसे, तरी तोही हसे.

आता यातली खरी गोम ऐका. सगळ्यांत जास्त वेळा माहेरी आलेली गोष्ट म्हणजे ती पहिलीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात लिहिलेली. तिच्यात एक सून दिवसभर मान मोडून काजं करते आणि संध्याकाळी तिची सासू ती एकेक करून उसवते आणि म्हणते, "पुन्हा कर." बस्स, एवढीच गोष्ट. आणि ती सुनेने मनाने रचलेली नव्हती.

"काय आहे गं तिच्यात?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"एका बाईची गोष्ट आहे."

"मग छापायला काय धाड भरलीय त्यांना? पाठव पुन्हा."

सून ती गोष्ट ट्रंकेच्या तळाशी टाकायची, सासूबाई मळक्या कागदांवरून ओळखून वर काढायच्या. पहिली म्हणून त्यांचा तिच्यावर विशेष जीव. स्वतःच्या निंदेचं पाकीट त्या स्वतःच्या हाताने पोस्टात टाकून यायच्या. खरं सांगायचं धाडस सुनेला झालं नाही. आणि कसं होणार? सासूबाईंना उसवायचं सोडून किती काळ लोटला होता, आता तिचा घास त्यांच्याशिवाय उतरत नव्हता.

केस पिकायला लागल्यावर एका लहानशा मासिकाने ती गोष्ट छापली. सासूबाई मासिक घेऊन गल्लीभर फिरल्या आणि कुणी वाचून दाखवू नये म्हणून सून त्यांच्या मागोमाग. सुदैवाने गल्लीला मिरवायची हौस होती, वाचायची नव्हती.

वर्षभराने एका तरुण दिग्दर्शिकेचा फोन आला. तिला त्या गोष्टीवर सिनेमा काढायचा होता. नवऱ्याने आनंदाने रंगाचा डबा लवंडला. सून मात्र फोन ठेवून खाली बसली. छापलेलं लपवता येत होतं. सिनेमा कसा लपवणार? तो बघायला अक्षरओळख लागत नाही. जिने जन्मभर आपली पाकिटं वाहिली, त्या म्हातारीला आपण भर थिएटरात उघडी पाडणार, या विचाराने तिला जेवण जाईना. नकार कळवायचं तिने रोज ठरवलं, पण सासूबाई तोवर शिंप्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

मग एका दुपारी दिग्दर्शिका सिनेमात सासू होणाऱ्या नटीला घेऊन घरीच आली. काज कसं करतात ते नटीला शिकायचं होतं. सासूबाईंनी तिला सतरंजीवर बसवलं, हातात सुई दिली, दोनदा हातावर चापट मारली. नटी हसली. सून पलीकडे चहा टाकत होती आणि तिचा सगळा जीव कानात गोळा झाला होता.

"आजी, मला एक कळत नाही," नटी म्हणाली. "मी सुनेची काजं उसवते ती का? इतकी वाईट करते का ती?"

सासूबाईंची सुई थांबली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून पातेल्यात बघत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत चहा उतू गेला.

"उसवून दाखव बघू," सासूबाई नटीला म्हणाल्या.

नटीने रागाचा आव आणून दोरा खसकन ओढला.

"छे! अशाने कापड फाटतं. सावकाश उसवायचं, एकेक टाका. आणि तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं तर हात चालत नाही."

सासूबाईंनी तोच शर्ट मांडीवर घेतला.

"आणि काजं चांगली असतात तिची. वाईट असती तर उसवली कशाला असती, चार बायकांना दाखवून हसले असते. मी उभा जन्म काजं केली. ही आली आणि महिन्याभरात शिंपी म्हणाला, आता सगळं सुनेच्याच हातचं पाठवा. माझ्या तोंडावर म्हणाला."

"हे गोष्टीत नाहीये," दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

"तिला कुठे माहीत होतं?"

पाहुण्या गेल्यावर सुनेने सांडलेला चहा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. शेवटी म्हणाली, "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवते."

"नाही म्हणायला मी पोस्टात हेलपाटे घातले?" सासूबाई सुईत दोरा ओवायला गेल्या, ओवता आला नाही. सुनेने सुई घेतली आणि ओवून दिली. "मला वाटायचं, तू विसरलीस."

"विसरलेच होते, आई. तेव्हा लिहून टाकलं आणि सुटले."

"मी नाही सुटले," सासूबाई म्हणाल्या.

सून त्यांच्याजवळ बसली. तिला खूप बोलायचं होतं. एवढ्या गोष्टी लिहिलेल्या बाईला एक वाक्य जुळवता येईना. सासूबाईंनीच घसा साफ केला. "शिंप्याचं तेवढं घालायला सांग त्यांना. अर्धीच गोष्ट कशाला दाखवायची लोकांना?"

सिनेमा लागला तेव्हा गल्ली झाडून हजर होती. सासूबाई मधोमध बसल्या, शेजारी सून. पडद्यावर संध्याकाळ झाली. नटीने सुनेचा शर्ट मांडीवर घेतला आणि तिच्याकडे न बघता एकेक टाका उसवायला लागली, अगदी सावकाश.

"बाई आहे की कोण!" मागच्या रांगेतून शेजारीण कडाडली. "हात झडोत मेलीचे!"

सून खुर्चीत आक्रसली. सासूबाई मागे वळल्या.

"माझेच हात आहेत ते," त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या. "गप बसून बघ. अजून अर्धा सिनेमा आहे, सुधारेन."