वलांडीवरची तार

माझे भावोजी हिरामण हातात काही दुरुस्तीला असलं की कुणी काहीही विचारा, मान वर न करता 'व्हय' म्हणतात. या एका सवयीनं त्यांचा घात केला. सगळा दोष खाऱ्या हवेला देणं मला मान्य नाही.

पोलिसांच्या बिनतारी खात्यात त्यांचा जोडीदार होता शिवदास. निवृत्त झाल्यावर शिवदास नांदेडला, हे श्रीवर्धनला. दोघांनी हौशी रेडिओचे परवाने काढले आणि दर रविवारी दहा वाजता यांची मोर्सची कडकट्ट सुरू व्हायची. निसर्ग वादळात छपरावरचा अँटेनाचा खांब गेला आणि ती बंद पडली.

"फोन आहे की," मी एकदा म्हणालो.

"फोनवर तो बरा हाय असंच सांगतो," भावोजी खेकसले. "कळ वाजवली की त्याचा हात समजतो. तिथं खोटं चालत न्हाय."

आता शिवदास मुलाकडे पुण्याला निघाला होता. तिथल्या सोसायटीत गच्चीवर तार लावायला बंदी. या रविवारी अकरा वाजता तो नांदेडची अँटेना उतरवणार होता. त्याआधीचा एक तास, एवढंच उरलं होतं.

म्हणून भावोजींनी ट्यूनर बनवायला घेतला, माझ्या सगुणाताईच्या स्टीलच्या डब्यात. कुठलीही तार बांधा, डब्यातलं बटण फिरवून ती सेटशी जुळवा. जुळली की लाल दिवा विझतो. न जुळता संदेश पाठवला तर पाच वॅटचा इवलासा सेट जळायचा. पहिली कॉइल चुकली. जुन्या रेडिओतून काढलेल्या गँगला, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या पत्र्यांना, महिन्याभरात गंज चढला. दुसरी गँग मुंबईहून आली ती वाकडी. घरात कुणाशी धड बोलणं नाही, जेवणावर लक्ष नाही. शेवटी शनिवारी संध्याकाळी मासे सुकवायच्या खळ्यात, बोंबील टांगायच्या वलांड्यांशेजारी, दोन बांबूंना तार बांधली, बटण फिरवलं आणि दिवा विझला. साठीच्या माणसानं वाळूत उडी मारलेली मी पाहिली.

रविवारी दहाला आम्ही सावलीसाठी पालथ्या होडीआड बसलो. दिवा विझेना. बटण इकडे, बटण तिकडे, दिवा तसाच लाल.

"भावोजी, तार बघून येऊ का?"

"तारेला काय धाड भरलीय? कॉइलच दगा देतेय!"

मीही उठलो नाही, हे कबूल करतो. साडेदहाला त्यांनी चिडून डबा उघडला आणि कॉइल उसकटली. पक्कड हातातून सटकत होती, घाम डोळ्यांत जात होता.

पावणेअकराला सगुणाताई रिकामी टोपली घेऊन आली. "झाले बोंबील लावून. वलांड्या पुरल्या न्हाईत, तुमच्या तारेवर पण लावले."

"माझ्या तारेवर?"

"सकाळीच विचारलं ना, ती तार मोकळी हाय का? व्हय म्हणालात की."

आम्ही धावलो. शनिवारची कोरडी तार ओल्या बोंबलांनी जमिनीपर्यंत वाकली होती. तिघांनी ते ओरबाडून काढले. परत आलो तर कॉइलचे तीन तुकडे वाळूत पडलेले. उरलेल्या दहा मिनिटांत नवी गुंडाळणं शक्य नव्हतं. भावोजींनी पक्कड समुद्राकडे भिरकावली.

ऐकायला ट्यूनर लागत नाही. त्यांनी तार तशीच सेटला खोचली. खरखरीतून बारीक आवाज आला. तोच तुकडा परत परत.

ताईनं कैक रविवार स्वयंपाकघरातून तो ऐकला होता. "ही तुमचीच हाक ना? तो बोलावतोय तुमाला?"

भावोजींनी मान डोलावली. बोट कळीवर होतं, पण ट्यूनरशिवाय दाबून उपयोग नव्हता. अकराला हाक थांबली.

"वाईट वाटून घेऊ नका," ताई म्हणाली, "आता फोन लावा."

"हात कापतोय त्याचा," भावोजी म्हणाले. "फोनवर मला एकदाही सांगितलं न्हाय त्यानं."